झिंगे कुणीकडं बघत होते

१

घोड नदीतला झिंगा नखाएवढा असतो. जाळीनं पाण्यातून वर काढून तळहातावर घेतला तर काचेचा कपचा ठेवल्यासारखा दिसतो. अंग आरपार, डोळे तेवढे काळे, खसखशीच्या दाण्याएवढे. खायला त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्याच्याकडं सहसा कुणी बघत नाही.

नीलम बघायची. दौंडच्या एका कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी.साठी याच झिंग्यांच्या मागं लागली होती. तिचा प्रश्न साधा होता. कांद्यावर, उसावर मारलेलं औषध पाण्याबरोबर वाहत नदीला मिळतं. तिथं ते पातळ होतं, इतकं पातळ की त्यानं मासे मरत नाहीत, माणसांनाही काही जाणवत नाही. पण ते औषध मुळात किड्यांच्या मज्जातंतूंवर चालणारं. झिंगा हा किड्यांचा लांबचा भाऊबंद. मग त्याचं काय होतं? मरत नसेल, तर करतो काय?

त्या हिवाळ्यात तिनं कॉलेजातून रजा काढली आणि इनामगावच्या अलीकडं, नदीकाठच्या एका वस्तीवर खोली घेतली. वस्ती तात्याबांची. त्यांचा बाप मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. तात्याबा मात्र काठावरच्या या रानात कायमचे रुजले होते. कांदा आणि ऊस. मुलगा सणसवाडीला कंपनीत लागला, बायकापोरांना घेऊन तिकडंच राहायला गेला, आणि त्याची स्लॅबची खोली रिकामी पडली. तीच नीलमला मिळाली. खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर तिनं बरण्या मांडल्या: एका टोकाच्या बरणीत निव्वळ नदीचं पाणी, पुढच्या प्रत्येकीत औषधाचा अंश थोडा थोडा वाढवलेला. मरण्याइतका कुठंच नाही.

सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, बरण्यांतलं पाणी तपासायचं, मग भिंग घेऊन एकेका बरणीपुढं बसायचं. कोण किती पोहतं, कोण पाय किती हलवतं, कोण कोपरा धरतं. सगळं इतकं संथ होतं की पहिल्या आठवड्यात तिला कंटाळाच आला. झिंग्यांना काहीही होत नव्हतं.

मग एका सकाळी तिचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

औषधाच्या सगळ्या बरण्यांतले झिंगे तळाशी शांत बसले होते, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती.

२

शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहावीत तशी. बरण्या वेगळ्या, पाणी वेगळं, औषध कमीजास्त, पण मिशा सगळ्यांच्या एकीकडंच रोखलेल्या. त्या बाजूला खोलीची कोरी भिंत होती. निव्वळ पाण्याच्या बरणीतले झिंगे मात्र नेहमीसारखे कुणी इकडं, कुणी तिकडं, आपापल्या उद्योगात.

नीलमला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. इतके दिवस काहीच घडत नव्हतं आणि आता घडलं होतं.

आधी उजेड. झिंगे उजेडाकडं किंवा उजेडाकडं पाठ करून बसतात, हे तर पोरांनाही ठाऊक असतं. तिनं खिडकी लावली, बरण्यांवर काळं कापड टाकलं, जेवण करून आली आणि झटकन कापड काढलं. तोंडं भिंतीकडंच. मग तिनं बरण्या हळूच फिरवल्या. बरणीबरोबर झिंगेही फिरले, क्षणभर खिडकीकडं तोंड करून थांबले, आणि मग एकेक करून, अजिबात घाई न करता, परत भिंतीकडं वळले. सेलवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची नळी काढून पाहिली. टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं. फरक नाही.

राहता राहिला हादरा. नदीवरच्या पाण्याच्या मोटारींचा हादरा जमिनीतून येत असेल. ती बाहेर आली. तात्याबा ओट्यावर बसून फवारणीच्या पंपाचं नोझल दाभणानं साफ करत होते.

"आबा, आपली मोटर चालू आहे का?"

"लाईटच न्हाई सकाळधरनं, मॅडम. मोटर कशावर चालवू? का वो?"

"काही नाही. सहज विचारलं."

"तुमचं किडं मेलं का न्हाई आजून?"

"मरत नाहीत, आबा."

"मंग औषध डुप्लिकेट आसंल," तात्याबा म्हणाले आणि नोझलमधून फुंकर मारून बघू लागले.

नीलम हसली. खोलीत परत आली आणि दारातच थबकली. झिंग्यांची तोंडं आता भिंतीच्या मध्यावर नव्हती. ती थोडी डावीकडं सरकली होती. सगळ्यांची, सारखीच.

३

तात्याबांच्या बायकोचं नाव अनसाबाई. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. दिवाळीच्या सुमाराला कांद्याच्या रानात फवारणी झाल्या झाल्या त्या खुरपायला बसल्या आणि तिथंच आडव्या झाल्या. उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. शिरूरला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, आठवड्यानं घरी आल्या. सगळं पूर्ववत झालं, एक मान सोडून. मान आखडल्यासारखी एका अंगाला वळलेली राहायची. डॉक्टर म्हणाले, औषध अंगात भिनलं होतं, हळूहळू उतरेल.

नीलमला त्यांची काळजी वाटायची. रोज दुपारी ती त्यांच्या मानेला तेल लावून द्यायची. त्या दुपारीही अनसाबाई अंगणात पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. नीलम तेलाची वाटी घेऊन त्यांच्यामागं, जरा बाजूला बसली.

"मावशी, मान उजवीकडं करून बघा बरं जरा."

अनसाबाईंनी केली. सहज झाली, दुखल्याशिवाय. मग बोलता बोलता मान परत डावीकडं वळली, आपोआप, वाऱ्यानं दार लागावं तशी.

"तिकडं काय आहे, मावशी?"

"कुठं?"

"तुम्ही बघताय तिकडं."

"मी कुठं बघतीया? ह्या शेंगांकडं तर बघतीया," अनसाबाई म्हणाल्या. हात शेंगा फोडत होते, डोळे मात्र दूर, उसाच्या शेंड्यांवरून पलीकडं लागलेले.

नीलमनं त्यांच्या नजरेची रेघ मनात धरली आणि मागं वळून खिडकीतून आत पाहिलं. टेबलावरच्या बरण्या उन्हात चमकत होत्या. झिंग्यांची तोंडंही तिकडंच होती.

तिनं स्वतःला समजावलं. एकच औषध, एकाच प्रकारचे मज्जातंतू. झिंग्यावर जे होतं ते माणसावरही थोडंफार होणारच. औषधानं शरीराचा तोल एका अंगाला जात असेल. हे बरोबर वाटलं, म्हणून ती तेल चोळत राहिली. पण तोल जातो तो शरीराच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला. उसापलीकडच्या एका जागेकडं कुणाचा तोल जात नाही. आणि तिच्या बोटांखाली अनसाबाईंची मान फिरत होती. दुपार सरेपर्यंत ती उसाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, इतकी हळू, की बघत बसलं तर कळू नये.

एखादं माणूस लांबून चालत जाताना आपण त्याच्याकडं बघत राहावं, तशी.

४

नीलमचा नवरा सत्यजीत सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर आला, येताना गरम भजी घेऊन. बरण्यांपुढं बसून त्यानं भजी खाल्ली आणि झिंग्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"चुंबक?"

"होकायंत्र लावून पाहिलं. काही नाही."

"वायरिंग? जमिनीखालून केबल गेली असेल एखादी."

"केबल जागची हलते का रे? हे हलतं."

सत्यजीतला अशी कोडी आवडायची. मशीन कुठून आवाज करतंय ते तो असंच शोधायचा, दोन ठिकाणी उभा राहून कान लावायचा. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "एक बरणी इथं ठेवू, दुसरी गोठ्याच्या पलीकडं. दोन्हीकडून तोंडाच्या रेघेत दोरी ताणू. दोऱ्या जिथं एकमेकींना छेदतील, तिथं जाऊन बघू काय पुरलंय."

दोघांनी लहान पोरांच्या उत्साहानं दोऱ्या ताणल्या, काठ्या रोवल्या, फोनवर नकाशा काढून त्यावर रेघा ओढल्या. रेघा छेदल्या त्या नदीच्या वळणावर, जिथं घोड जरा खोल होऊन थबकल्यासारखी वाहते. तात्याबा गोठ्यातून हे सगळं बघत होते.

"आबा, त्या वळणावर काय आहे?" सत्यजीतनं विचारलं.

"काय असायचंय? पानी हाय. आमी सगळ्यांनी थितंच मोटारी टाकल्यात. समदं पानी थितनंच येतं आन् थितंच माघारी जातं."

चहा होईपर्यंत सत्यजीत म्हणाला, एकदा परत मोजू, खात्री होईल. त्यांनी परत दोऱ्या ताणल्या. या वेळी रेघा वळणावर छेदल्या नाहीत. अलीकडं, उसाच्या मध्यावर छेदल्या. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं तर उसाच्या कडेला, बांधावरच्या बाभळीपाशी. बाभळ दोघांना उभ्या जागेवरून स्पष्ट दिसत होती. खाली एक शेळी चरत होती. तिनं मान वर केली, क्षणभर थांबली आणि दावं ताणून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन उभी राहिली.

सत्यजीतच्या हातातली दोरी सैल पडली.

"नीलम, हे नको करूस. सामान बांध. आत्ता निघू."

"तू घाबरलास?"

"मला ते काय आहे माहीत नाही, म्हणून घाबरलो. तुला का भीती वाटत नाही तेच मला कळत नाही."

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "वाटते ना. पण हे बघ, साध्या पाण्यातल्या झिंग्यांना हे दिसत नाही. औषध पोटात गेलेल्यांनाच दिसतं. म्हणजे औषधानं त्यांचं काहीतरी बिघडलं, की काहीतरी उघडलं? एवढं कळलं की मी निघते. मावशींची मानही त्यावरच अवलंबून आहे."

सत्यजीतनं खूप समजावलं, मग चिडलाही. दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी होती. निघताना त्यानं तिचा हात बराच वेळ सोडला नाही. मोटारसायकलचा आवाज विरत गेला आणि नीलमला जाणवलं, की बाभळीवर एकही पाखरू नाही.

५

नीलम ते शोधायला गेली ती दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात. रानात बाया कांद्याची लागण करत होत्या, त्यांचं बोलणं काठापर्यंत ऐकू येत होतं. हातात पांढरी बादली, बादलीत औषधाच्या बरणीतले झिंगे. तोंडं जिकडं, तिकडं ती. इतकं सोपं होतं ते.

उसातून वाट काढताना झिंगे सरळ समोर बघत होते. काठाच्या चिखलात उतरल्यावरही सरळ समोर. नदी त्या जागी गुडघाभर होती, तळाची वाळू दिसेल इतकी निवळ. नीलमनं सलवार वर खोचली आणि पाण्यात शिरली. थंडगार पाणी पोटऱ्यांना लागून वाहत होतं, पाय वाळूत थोडे थोडे रुतत होते. ती दर थोड्या अंतरावर थांबून बादलीत पाहायची. समोर. अजून समोर.

मग तिनं पाहिलं तेव्हा झिंगे हलत होते. पहिल्यांदाच घाईनं. बादलीच्या कडेनं ते पसरले, एकमेकांना जागा करून देत, आणि त्यांचं एक पूर्ण कडं तयार झालं. शेपट्या आत. तोंडं बाहेर, सगळ्या दिशांना.

नीलमच्या मनात पहिला विचार आला तो असा, की गेलं. संपलं. आता कुठलीच दिशा राहिली नाही. झिंगे परत आपले मोकळे झाले.

दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. ते अजूनही त्याच्याकडंच बघत असतील तर?

बायांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कधीपासून ते तिला सांगता आलं नसतं. पोटऱ्यांना पाण्याची ओढ लागत नव्हती, हेही तिला आत्ताच कळलं. तिनं मान वर केली.

वरच्या अंगानं नदी नेहमीसारखी येत होती, उन्हात चमचमत. पण तिच्यापासून काही अंतरावर पाणी दुभंगत होतं. मोठ्या कातळाला वळसा घालावा तसं ते दोन्ही बाजूंनी फाकत होतं, कडेला फेसाची बारीक रेघ धरून, आणि खाली बरंच पुढं जाऊन परत एक होत होतं. मध्ये कातळ नव्हता. मध्ये सपाट, निश्चल पाणी होतं, आरशासारखं, आणि त्या पाण्यात मधोमध नीलम उभी होती.

तिला ओरडायचं होतं. ती ओरडलीही असेल. आवाज कुठं गेला नाही.

फेसाची ती रेघ आत सरकू लागली. सावकाश, सगळीकडून सारखी. निश्चल पाणी आकसत आलं, आधी खोलीएवढं, मग खाटेएवढं. नीलम डोळे मिटू शकली असती. मिटले नाहीत. या घडीलाही तिला बघायचंच होतं. रेघ तिच्या पायांशी आली, तिच्या दोन्ही पावलांभोवती आणि मागं थोड्या जागेभोवती फिरली, जेमतेम एक माणूस उभं राहील एवढ्या, आणि थांबली.

मग पाणी एकदम पोटऱ्यांवर आदळलं. बायांपैकी कुणीतरी मोठ्यानं हसलं. हातातली बादली कलंडून झिंगे वाहून गेले होते.

६

ती वस्तीवर आली तेव्हा अनसाबाई अंगणात उभ्या होत्या. उभ्या, दोन्ही हात वर करून दोरीवर लुगडं वाळत घालत. मान सरळ.

"मावशी!" नीलम जवळ गेली. एवढ्या सगळ्यात ही एक गोष्ट तरी चांगली झाली होती. "मान कशी आहे?"

"अगं, मोकळी झाली बघ! मगाशी बसल्या बसल्या कडकन वाजली आन् मोकळी झाली. इतक्या दिसाचं वझं उतारलं." अनसाबाई तिच्याकडं वळून हसल्या. "तुज्या तेलाचाच गुण म्हणायचा, पोरी. आन् तू अशी भिजून कुठनं आलीस? आगं, थरथरतीयास."

"नदीवर गेले होते."

"बस हितं. च्या टाकते."

त्या बोलत होत्या नीलमशीच, पण त्यांची नजर नीलमच्या चेहऱ्यावर नव्हती. तिच्या खांद्याच्या वर, वीतभर मागं होती.

 नीलमला मागं वळावंसं वाटलं, आणि वळू नये असंही. त्याऐवजी तिनं तेच केलं, जे इतके दिवस बरण्यांपुढं करत आली होती. करून बघितलं. ती हळूच डावीकडं सरकली.

अनसाबाईंची नजर जागच्या जागीच राहिली. क्षणभर. मग तीही डावीकडं आली आणि पुन्हा खांद्याच्या मागं स्थिरावली.

"मावशी, तुम्ही कुठं बघताय?"

"आता गं बाई! तुज्याकडंच की."

गोठ्याच्या दारातून तात्याबा बाहेर आले, वैरणीचा भारा टाकला आणि बायकोला सरळ उभी बघून डोळे पुसायला लागले. "देवानं ऐकलं," असं काहीतरी ते पुटपुटले. नीलमच्या खिशातला फोन वाजत होता. सत्यजीत असणार. तिनं तो उचलला नाही. खिडकीतून तिला टेबल दिसत होतं. सगळ्या बरण्यांतले झिंगे अंगणाच्या बाजूच्या काचेला येऊन चिकटले होते, साध्या पाण्यातले सोडून.

ती उजवीकडं सरकली. नजर मागून आली, पण या वेळी तेवढी उशिरा नाही. नीलमनं पुन्हा करून बघितलं, चहाच्या चुलीकडं चालल्यासारखं दाखवत, मग अंगणाच्या पार कडेपर्यंत. दर खेपेला उशीर कमी होत होता, आणि खांद्यामागचं ते वीतभर अंतरही. एक विचार मनातून जाईना: उशीर संपला की काय होईल?

ती थांबली आणि शेवटचं एक पाऊल बाजूला टाकलं.

अनसाबाईंची नजर तिच्याबरोबरच सरकली, अगदी तिच्या पावलाला पाऊल लावून. वीतभर पुढं आली आणि नीलमच्या डोळ्यांवर येऊन ठरली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच अनसाबाई सरळ तिच्या डोळ्यांत बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं, मायेचं हसू पसरलं.

"आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "ये, बस."

आणि नीलमनं काही ठरवायच्या आत तिचे पाय ओट्याकडं चालू लागले.